हीटर लावला की थंडगार हवा : चोर्ला घाटातून पहाटेचा प्रवास, मदत हवी

फोंड्याचा वाटसरू | ६ जानेवारी, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. गोव्यात राहून गाडीच्या हीटरबद्दल विचारतोय याचं काहींना नवल वाटेल, पण अडचण खरी आहे.

आईचं माहेर बेळगाव. तिचं वय ७८. मामा अंथरुणाला खिळल्यापासून दर पंधरा दिवसांनी तिला भेटीला घेऊन जातो. पहाटे साडेचारला फोंडा सोडायचं, मग साखळी, केरी, चोर्ला घाट, कणकुंबी, जांबोटी. केरीपर्यंत काही जाणवत नाही. अंजुणे धरण मागे पडून घाट चढू लागला की गारठा सुरू होतो आणि वर कणकुंबीच्या बाजूला तर बोटं आखडतात. आईचे गुडघे आधीच धरलेले. गेल्या खेपेला बेळगावात पोचल्यावर तिला गाडीतून उतरवायला दोघं लागलो.

गाडी २०१४ ची डिझेल हॅचबॅक, दोन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतलेली, ८८ हजार किलोमीटर चाललेली. एसी झकास आहे. हीटर मात्र मी या डिसेंबरात पहिल्यांदाच लावला. बटण पूर्ण लाल खुणेवर, पंखा तीनवर, एसी बंद. हवा जोरात येते, पण गार. घाट चढताना जरा कोमट झाली असं वाटलं. वर पोचून सपाट रस्त्याला वेग धरला की पुन्हा थंड.

इथल्या एका एसीवाल्याने सांगितलं, गॅस कमी झालाय, भरून टाकू. पैसे देण्याआधी तुम्हाला विचारतोय. २० तारखेला पुन्हा निघायचं आहे.

मोपा टॅक्सी | ६ जानेवारी, रात्री ९:५२

दादा, माझी गाडी भाड्याची, रोज पाच-सहा तास रस्त्यावर असते, पण हीटर लावायची वेळ फक्त आंबोलीच्या भाड्याला येते. तुमच्या गाडीसारखंच माझ्या आधीच्या गाडीचं होतं. गरम-गार हवेची झडप हलवणारी आतली वायर निसटली होती. बटण लाल-निळं फिरायचं, आत काहीच हलायचं नाही. आधी तेच बघा.

डिचोलीचा मिस्त्री | ६ जानेवारी, रात्री १०:३०

वाटसरू, गॅस भरू नका. एसीचा गॅस आणि हीटरची ऊब यांचा काडीचा संबंध नाही.

हीटर म्हणजे डॅशच्या मागे बसवलेला एक छोटा रेडिएटर. गॅरेजात आम्ही त्याला हीटर कॉइल म्हणतो. इंजिनात तापलेलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, दोन होजमधून, म्हणजे रबरी नळ्यांतून, तिथे जातं आणि परत येतं. ब्लोअर त्या कॉइलवरून हवा ढकलतो, ती गरम होऊन तुमच्या पायाशी येते. हीटरला वेगळी शेगडी नसते, इंजिनाची वाया जाणारी उष्णताच तो वापरतो. म्हणून हवा गार आली की तीन गोष्टींचा विचार करायचा. इंजिनच नीट तापत नाही, किंवा तापलेलं पाणी कॉइलपर्यंत पोचत नाही, किंवा कॉइल गरम आहे पण हवा तिला वळसा घालून येते. मोपावाले बाब म्हणतात ती वायरची गोष्ट तिसऱ्यातली.

मी खाणपट्ट्यात वाढलो. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तोवर टिप्परांची, म्हणजे खाणीचा माल वाहणाऱ्या ट्रकांची, कामं केली, त्यानंतर कार. एक गोष्ट मनापासून सांगतो. आमच्याकडे हीटर कोणी लावत नाही, त्यामुळे इंजिनाच्या पाण्यातला दोष वर्षानुवर्षं कोणाला दिसत नाही. एसी बिघडला तर माणूस दुसऱ्या दिवशी दारात उभा राहतो. हीटर बिघडला तर गाडी विकेपर्यंत कळत नाही. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक गाडीचा हीटर मी लावून बघतो, भर मे महिन्यातसुद्धा. इंजिनाच्या पाण्याचं काय चाललंय ते तिथे दोन मिनिटांत कळतं.

उद्या सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून आत काय दिसतं ते बघा. किती भरलंय आणि रंग कोणता, दोन्ही सांगा. गरम इंजिनावर झाकणाला हात लावू नका. आत दाब असतो, उकळतं पाणी तोंडावर येतं. माझ्या मुलाच्या हातावर अजून डाग आहे.

मग गाडी वीस मिनिटं चालवून आणा. तापमानाचा काटा कुठे थांबतो ते लक्षात ठेवा. परत आल्यावर बोनेट उघडून, इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून आत शिरणारे दोन जाडसर होज शोधा आणि दोन्हींना बोट लावून बघा. दोन्ही चटका देणारे, की एक गरम एक थंड, की दोन्ही कोमट? सगळं उत्तर त्यात आहे. रेडिएटरचा पंखा अचानक सुरू होतो, तेव्हा ओढणी, सैल बाही, हातातलं कडं जपून.

साळावलीकाठ | ७ जानेवारी, सकाळी ७:१५

एवढं करण्यापेक्षा आईंसाठी एक चांगली गोधडी आणि गरम पाण्याची पिशवी घ्यावी असं मला वाटतं. सांगे भागात माझ्या ओळखीच्या निम्म्या गाड्यांचे हीटर होज एकमेकांना जोडून टाकलेत. हीटरचा भाग वगळला की गळतीची एक जागा कमी. आपल्या हवेत त्याची गरज किती?

म्हादईकाठची | ७ जानेवारी, सकाळी ८:०५

साळावलीकाठ, गरज पावसाळ्यात असते. मी वाळपईला राहते, नोकरीसाठी रोज फोंड्याला जाते. जुलैत सकाळी काचेला आतून अशी वाफ धरते की समोरचा ट्रक दिसत नाही. सुरुवातीला मी एका हाताने फडक्याने काच पुसत चालवायची. एकदा होंड्याजवळ म्हैस अगदी शेवटच्या क्षणी दिसली. त्यानंतर शिकले. एसी चालू, बटण लाल खुणेकडे, हवा समोरच्या काचेवर, आणि बाहेरची हवा आत घेण्याची कळ उघडी. एसी हवेतला ओलावा काढतो, हीटर ती कोरडी हवा गरम करतो, काच मिनिटभरात स्वच्छ होते. नुसत्या एसीनेही वाफ जाते, पण तासभर कुडकुडत बसावं लागतं.

हीटर नसलेल्या गाडीत ही सोय निम्मी होते. माझ्या मते तो काढून टाकायची वस्तू नाही.

डिचोलीचा मिस्त्री | ७ जानेवारी, सकाळी ८:४०

ताई अगदी बरोबर बोलल्या. फक्त एक जोडतो. आमच्या पावसात कधी कधी वाफ काचेच्या बाहेरून धरते. एसीमुळे काच गार होते, बाहेरची दमट हवा तिच्यावर घाम धरते. ती आतून पुसून जात नाही. वायपर एकदा फिरवला की गेली तर समजायचं बाहेरची आहे. तेव्हा काचेवरचा गार झोत बंद करायचा.

फोंड्याचा वाटसरू | ७ जानेवारी, संध्याकाळी ७:३०

काका, सांगितलंत तसं केलं.

झाकण उघडलं. पाणी तोंडापासून बोटभर खाली. रंग चहासारखा. हिरवा-गुलाबी असा काही नाही. बोट बुडवलं तर तांबूस गाळ लागला. गाडी ज्यांच्याकडून घेतली त्यांना फोन केला, तर ते म्हणाले, घरच्या विहिरीचं पाणीच घालत होतो, गाडी कधी तापली नाही.

बोरी पुलापर्यंत जाऊन आलो. काटा तळाच्या रेघेच्या जरासा वर. अर्ध्यापर्यंत एकदाही आला नाही. आणि आता आठवतं, तो कधीच येत नव्हता. मी उलट खूश होतो की आपली गाडी तापत नाही.

दोन्ही होज कोमट. हात लावून आरामात धरता येतात.

डिचोलीचा मिस्त्री | ७ जानेवारी, रात्री ८:१०

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. एक तर उघडा अडकलाय, नाही तर आत नाहीच.

आकडेमोड | ७ जानेवारी, रात्री ८:४५

वाटसरू दादा, मी कुर्टीला राहतो, माझ्याकडे ओबीडी स्कॅनर आहे, गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे आणि दोष वाचणारं यंत्र. हवं तर उद्या येऊन कूलंटचं खरं तापमान बघू. काट्यावर फार विसंबू नये, पुष्कळ गाड्यांत काटा मधे मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. आकडा काय तो सांगतो.

साळावलीकाठ | ७ जानेवारी, रात्री ९:२०

मिस्त्रीकाका, तुमचा मान ठेवून विचारतो. आमच्याकडचे जुने मेकॅनिक थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. गरम हवेच्या प्रदेशात त्याचं काम नाही, तो थंडीच्या देशांसाठी असतो, असंच मी आजवर ऐकलंय. मी स्वतः दोन गाड्यांचा काढून घेतला. चुकलं का?

डिचोलीचा मिस्त्री | ७ जानेवारी, रात्री १०:५५

विचारलंत ते बरं केलंत, कारण हे काम मीही शेकडो गाड्यांवर केलंय आणि त्याची मला खंत आहे.

टिप्परांच्या दिवसांत काय व्हायचं ते सांगतो. गाडी माल भरून चढावर तापायची. मालकाला गाडी त्याच दिवशी रस्त्यावर हवी. रेडिएटर लाल धुळीने बुजलेला, पाणी विहिरीचं, पंप झिजलेला. या सगळ्याला वेळ लागतो. थर्मोस्टॅट काढायला दहा मिनिटं. काढला की पाणी कायम रेडिएटरमधून फिरतं, त्या दिवसापुरती गाडी तापत नाही, मालक खूश. रोग तसाच राहिला. पुढे हीच सवय आम्ही घरगुती गाड्यांवर नेली.

थर्मोस्टॅटला बाहेरच्या हवेचं काही पडलेलं नसतं. आत एक मेणाची कुपी असते. पाणी साधारण ८२ ते ८८ अंशांच्या आसपास आलं की मेण फुगतं, झडप उघडते, पाणी रेडिएटरकडे जातं. त्याआधी पाणी इंजिनातच फिरवून इंजिन लवकर गरम करायचं, हे त्याचं काम. हिमाचलातल्या काझामध्ये असो की आपल्या काणकोणात, इंजिनाला स्वतःचं तापमान ९० च्या आसपासच लागतं. बाहेर ३३ अंश असले म्हणून ६० अंशांवर चालणाऱ्या इंजिनाची गरज भागत नाही.

गार इंजिनात डिझेल पुरतं जळत नाही. अर्धवट जळलेलं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइलमधला ओलावा उडून जायला जी उष्णता लागते तीही मिळत नाही. पेट्रोल गाडीत कॉम्प्युटरला वाटतं, इंजिन अजून थंड आहे, म्हणून तो जादा पेट्रोल सोडत राहतो. आणि काही इंजिनांची रचना अशी असते की थर्मोस्टॅट उघडल्यावरच बायपासची वाट बंद होते. अशा इंजिनातून तो काढला तर बरंचसं पाणी रेडिएटरला न जाताच फिरत राहतं, आणि चढावर गाडी उलट जास्त तापते.

साळावलीकाठ बाब, तुमच्या दोन्ही गाड्यांत नवा बसवून घ्या. पण आधी रेडिएटर आणि पाणी साफ करा. नाही तर दोष परत डोकं वर काढेल आणि बोल थर्मोस्टॅटला लागेल.

साळावलीकाठ | ८ जानेवारी, सकाळी ६:५०

समजलं काका. एक गाडी तर मुलगा चालवतो, ती या रविवारीच नेतो. एवढं नीट कोणी सांगितलं नव्हतं.

आकडेमोड | ८ जानेवारी, रात्री ९:००

आज दादांच्या गाडीला स्कॅनर लावला. फर्मागुढीचा चढ चढून वर आल्यावर ६९ अंश. उतरून बायपासला ७० च्या वेगाने निघालो तर आकडा घसरत ५७ वर आला. गाडी उभी करून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवलं तर हळूहळू ७४. म्हणजे वारा लागला की गार, थांबलं की गरम. वाटसरू दादांनी पहिल्या दिवशी लिहिलेलं, घाटात कोमट आणि सपाटीला थंड, ते याच्याशी तंतोतंत जुळतं. चढाला इंजिनावर ताण येतो, वेग कमी असतो.

साठवलेल्या दोषांत पी-०१२८ सापडला. त्याचा अर्थच हा, की कूलंट थर्मोस्टॅटच्या ठरलेल्या तापमानापर्यंत पोचत नाही. गाडी कधीपासून सांगत होती.

मोपा टॅक्सी | ८ जानेवारी, रात्री ९:३५

डॅशबोर्डावर पिवळा दिवा लागला नव्हता?

फोंड्याचा वाटसरू | ८ जानेवारी, रात्री ९:५०

लागायचा, मधेच विझायचा. एका ठिकाणी दाखवला होता, तिथे दोष पुसून दिला आणि काही नाही म्हणाले.

हिमवाट | ९ जानेवारी, दुपारी १:२०

मी मूळचा म्हापशाचा. चार वर्षांपूर्वी गाडीने स्पितीला गेलो होतो, तिथला अनुभव सांगतो, कारण विहिरीच्या पाण्याचा विषय निघालाय.

मनालीत एका गॅरेजवाल्याने आमच्या गाड्यांचं कूलंट काचेच्या छोट्या नळीत ओढून तपासलं. माझ्या गाडीत जवळजवळ नुसतं पाणी निघालं. तो म्हणाला, वर रात्री हे गोठेल. पाणी गोठताना फुगतं, आणि इंजिनाच्या ब्लॉकला तडा गेला तर तिथून गाडी ट्रकवर चढवूनच आणावी लागते. त्याने सगळं काढून निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी भरलं. इथिलीन ग्लायकॉलचं असं अर्धं-अर्धं मिश्रण उणे ३५ अंशांच्याही खाली जाईपर्यंत गोठत नाही. काझात रात्री बादलीतल्या पाण्यावर बर्फ धरला होता. सकाळी गाडी सुरू झाली आणि पंधरा मिनिटांत हीटर सुरू झाला, तेव्हा त्या माणसाचे मनात किती आभार मानले.

गोव्यात गोठायचा प्रश्न नाही, तरी कूलंटमधलं गंजरोधक द्रव्य इथेही लागतंच. साध्या पाण्यात ते नसतं.

डिचोलीचा मिस्त्री | ९ जानेवारी, दुपारी ३:००

हिमवाट, नेमकं बोललात. आणि उकळण्याचंही लक्षात ठेवा. ते मिश्रण साध्या पाण्यापेक्षा जास्त तापमानाला उकळतं, झाकणाचा दाब त्यात भर घालतो. झाकणाची रबरी चकती वाळली तर तो दाब टिकत नाही, हेही लोक विसरतात.

फोंड्याचा वाटसरू | ११ जानेवारी, रात्री ८:१५

काकांच्या गॅरेजात गाडी नेली. थर्मोस्टॅटचं घर उघडलं. आत काहीच नव्हतं. रिकामी जागा आणि कडेला तांबडा थर.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी काकांनी तो चहाच्या पातेल्यात दोरीने लटकवून पाणी तापवलं, सोबत थर्मामीटर. ८३ ला झडप हलली, नव्वदी ओलांडल्यावर पुरती उघडली. नवा असला तरी बघून घ्यायचा म्हणाले. स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे, नवी रबरी रिंग, बाहेरचे दोन बोल्ट बेताने आवळले.

आता काटा मधोमध येऊन थांबतो. आकडेमोड यांच्या स्कॅनरवर ८९. पण हीटर? सुरुवातीला जरा गरम वाटला आणि पुन्हा कोमट. उभ्या गाडीत ठीक, तरी पाहिजे तशी ऊब नाही. आणि गाडी सुरू केली की डॅशच्या आतून ओढ्यासारखा खळखळ आवाज येतो, जो आधी येत नव्हता.

आता होजना हात लावला. एक चटका बसेल इतका गरम. दुसरा जेमतेम कोमट.

डिचोलीचा मिस्त्री | ११ जानेवारी, रात्री ८:५०

हे अपेक्षित होतं. पहिला दोष दुसऱ्याला झाकत होता. आता इंजिन तापतंय, गरम पाणी कॉइलच्या दारापर्यंत येतंय, पण पार होत नाही. कॉइलच्या नळ्या अगदी बारीक असतात, विहिरीच्या पाण्याचा सगळा गंज तिथे जाऊन बसतो. आणि खळखळ म्हणजे आत हवा धरलीय. कॉइल उंचावर असते, पाणी जरा कमी पडलं की हवा आधी तिथे जमते.

बुधवारी आणा. दोन्ही होज काढून उलट्या बाजूने पाणी सोडू. बागेच्या नळीचा हलका दाब पुरतो. कोणी कॉम्प्रेसर लावू म्हणाला तर लावू देऊ नका, कडेच्या प्लास्टिकच्या टाक्या फाटतात, आणि मग अख्खा डॅश उघडावा लागतो.

पेडण्याचं भाट | १२ जानेवारी, सकाळी १०:१०

धागा सुरुवातीपासून वाचतेय. माझा त्रास थोडा वेगळा आहे. हीटर गरम येतो, पण लावला की गोडसर वास येतो, समोरच्या काचेवर आतून तेलकट पातळ थर बसतो, फडक्याने पुसला तर पसरतो. बाजूच्या सीटखालचा गालिचा ओला लागतो. पावसाळ्यात मला वाटलं पाणी झिरपतंय, पण आता जानेवारी आहे. दर आठवड्याला कूलंटच्या डब्यात थोडं घालावं लागतं. धाकटी मुलगी त्याच सीटवर बसते.

डिचोलीचा मिस्त्री | १२ जानेवारी, दुपारी १२:०५

ताई, तुमची हीटर कॉइल गळतेय. पांढऱ्या टिश्यूने गालिचा टिपून बघा. एसीची नळी तुंबून आलेलं पाणी असेल तर टिश्यूवर रंग नाही, वास नाही. रंग आला, बोटांना चिकट लागलं, तर कूलंट.

मुलीला त्या सीटवर बसवू नका आणि हीटर लावू नका. कूलंट विषारी असतं. गोड असल्यामुळे कुत्री-मांजरं चाटतात आणि थोडक्यातही मरतात, तेव्हा खाली सांडलेलं लगेच धुऊन घ्या.

कॉइल बदलायला बऱ्याच गाड्यांत डॅश पूर्ण उतरवावा लागतो, दोन दिवसांचं काम आहे. तोवर दोन्ही होज जोडून कॉइल वगळणं, म्हणजे साळावलीकाठ बाब म्हणत होते ते, तुमच्या बाबतीत योग्य आहे. पण तात्पुरतं. पावसाच्या आधी कॉइल बसवा, काच पुसत चालवायची पाळी येऊ नये.

पेडण्याचं भाट | १२ जानेवारी, रात्री ९:४०

टिश्यूला हिरवट डाग आला. आजच वगळून घेतली. मनावरचं ओझं उतरलं काका. मार्चमध्ये नवी बसवते.

विजेरी | १३ जानेवारी, सकाळी ९:००

माझी गाडी बॅटरीवरची आहे. तिच्यातही हेच सगळं बघायचं का?

आकडेमोड | १३ जानेवारी, सकाळी ९:२५

नाही. बॅटरीच्या गाडीत इंजिनाची उष्णताच नसते, त्यामुळे तिथे विजेवर तापणारा हीटर किंवा हीट पंप असतो. तो उच्च दाबाच्या विजेवर चालतो, घरी उघडू नका, कंपनीच्या सर्व्हिसलाच दाखवा.

फोंड्याचा वाटसरू | १५ जानेवारी, रात्री ९:३०

आज सकाळपासून गॅरेजात होतो.

होज काढले. परतीच्या होजमधून पाणी सोडलं. आधी काही मिनिटं नुसता थेंब-थेंब. मग एकदम विटकरी रंगाचा गाळ बाहेर आला, त्यात पोह्याच्या आकाराचे गंजाचे पापुद्रे. बादली भरली. काकांनी बाजू बदलून पुन्हा सोडलं, पुन्हा उलट. असं सहा वेळा. शेवटी पाणी स्वच्छ आणि धार सारखी पडू लागली. तो गाळ त्यांनी गटारात ओतला नाही, डब्यात भरून ठेवला.

रेडिएटर आणि इंजिनही दोनदा धुतलं. मग अर्धं-अर्धं मिश्रण भरलं. हवा काढायला गाडी गॅरेजसमोरच्या चढावर तोंड वर करून लावली, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच राहतं. थंड इंजिन, झाकण उघडं, हीटर पूर्ण लाल खुणेवर, आणि इंजिन सुरू. बुडबुडे येत राहिले, पातळी उतरत गेली, काका वरून थोडं थोडं घालत गेले. बुडबुडे थांबेनात तेव्हा मला धास्ती वाटली, इंजिनाच्या डोक्याखालचं सील, म्हणजे हेड गॅस्केट, गेलंय की काय. काकांनी सांगितलं, गॅस्केटचे बुडबुडे रेस दिली की वाढतात आणि थांबत नाहीत, सायलेन्सरमधून पांढरा धूरही दिसतो. आमचे पाऊण तासाने थांबले. पंखा दोनदा लागून बंद झाला, तेव्हा झाकण लावलं.

खळखळ गेली. दोन्ही होज हात लावू देत नाहीत. आणि हवा अशी गरम की फोंड्याच्या उन्हात मला काच खाली करावी लागली.

जाता जाता काकांनी ग्लोव्हबॉक्स काढून ती वायरही पाहिली. क्लिप अर्धी निसटलेली होती, दाबून बसवली. मोपावाल्या दादांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं तेही शेवटी निघालं.

मोपा टॅक्सी | १५ जानेवारी, रात्री १०:०५

ऐकून बरं वाटलं दादा. ब्लोअरची जाळीही बघून घ्या. आंब्याखाली गाडी लावत असाल तर पानं आत जातात, हवा कमी येते.

डिचोलीचा मिस्त्री | १५ जानेवारी, रात्री १०:२०

वाटसरू, निघायच्या आदल्या सकाळी, थंड इंजिनावर, पातळी एकदा बघा. राहिलेली हवा दोन-तीन दिवसांत निघते, थोडं खाली जाईल. तेवढं घाला. त्यानंतरही उतरत राहिलं तर गाडी घेऊन जाऊ नका, मला फोन करा.

फोंड्याचा वाटसरू | २१ जानेवारी, रात्री ८:४०

१९ ला सकाळी पातळी बोटभर उतरलेली होती, भरली. २० ला पहाटे पुन्हा पाहिली, तशीच.

साडेचारला निघालो. साखळीपर्यंत हीटर लावलाच नाही. अंजुणे धरणाच्या कडेला आल्यावर आई शाल सावरू लागली तेव्हा बटण लाल खुणेकडे फिरवलं आणि हवा पायांकडे सोडली. घाट संपेपर्यंत तिने शाल मांडीवर घेतली होती. कणकुंबीला बाहेर धुकं दाट, समोरची काच आतून धरू लागली, तेव्हा म्हादईकाठच्या ताईंनी सांगितलं तसं केलं. एसी चालू, गरम हवा काचेवर. लगेच साफ. सपाटीला वेग धरला, मी मुद्दाम हात झोतासमोर धरून बसलो होतो. शेवटपर्यंत गरम. काटा मधोमध, एकदाही हलला नाही.

जांबोटीला चहासाठी थांबलो तर आई स्वतःच दार उघडून उतरली. मी दुसऱ्या बाजूने येईपर्यंत ती टपरीच्या बाकावर जाऊन बसली होती.

परत आल्यावर आज सकाळी झाकण उघडलं. पातळी तोंडापर्यंत, रंग स्वच्छ हिरवा. ४ तारखेला पुन्हा जायचं आहे. साळावलीकाठ, तुमच्या मुलाच्या गाडीचं काय झालं?

साळावलीकाठ | २१ जानेवारी, रात्री ९:१५

थर्मोस्टॅट बसवला. रेडिएटर काढून धुवायला दिलाय, शनिवारी मिळेल. दुसऱ्या गाडीचे हीटर होजही परत पहिल्यासारखे लावून घेतो. काका, त्या गाडीची कॉइल पाच वर्षं कोरडी पडून आहे, जोडण्याआधी काय बघू?

डिचोलीचा मिस्त्री | २१ जानेवारी, रात्री ९:४०

सरळ जोडू नका. आधी उलटं पाणी सोडून धुवा. मग एक तोंड बंद करून दुसरीकडून पाणी भरा, अर्धा तास ठेवा, आणि सीटखाली हात फिरवून बघा. कोरडं राहिलं तरच जोडा.

साळावलीकाठ | २५ जानेवारी, दुपारी १२:३०

अर्धा तास ठेवली, कोरडी राहिली. जोडली. हवा गरम येतेय.